'स्मृतिचित्रें' आणि श्रद्धेचें स्थैर्य

सांगोल्याहून पंढरपूर जेमतेम वीस मैल. आषाढीच्या आधीं येणाऱ्या कित्येक दिंड्या आमच्या गांवावरून पुढें जातात. माणदेशांत पावसानें पाठ फिरविली म्हणून त्या थांबत नाहींत. श्रद्धेनें मनुष्य स्थिर राहतो हें येथें कोणाला पटवून द्यावें लागत नाहीं. परंतु याच गांवीं बसून लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' पुन्हां वाचीत असतां एक विसंगति मनाला बोचूं लागली. ज्या ख्रिस्ती श्रद्धेनें पतीच्या अस्वस्थ चित्ताला ठाव दिला, तिनेंच पत्नीच्या पायांखालची जमीन काढून घेतली. आणि त्या निराधार काळांतील कांहीं दिवस या बाईंनीं काढले ते पंढरपुरांतच.

नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयास राहिल्या. पति जिवंत आहे, पण संसार नाहीं. पत्रें येतात, पण एका ताटांत बसतां येत नाहीं. देवाचें राऊळ हाकेच्या अंतरावर असून मनाला शांति नाहीं, अशी ती अवस्था. स्वतः लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या १९०० सालीं. मधलीं पांच वर्षें हा माझ्या मतें या ग्रंथाचा गाभा होय.

या ग्रंथाचे वाचक बहुधा दोन तऱ्हांचे असतात. धर्मनिष्ठ ख्रिस्ती वाचक त्याला साक्षीचें पुस्तक मानतो. आमच्या पांढरपेशा घरांत मात्र तें विनोदासाठीं वाचलें जातें. टिळकांचा विसराळूपणा आणि नवराबायकोचीं भांडणें यांवर मनमुराद हंसून श्रद्धेचीं पानें आम्ही जरा संकोचानेंच उलटतों. या दोन्ही वाचनांत बाईंवर अन्याय होतो. बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'शीं ताडून पाहावें. पदमनजी १८५४ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांच्या आत्मचरित्राचा सारा ओघ वादांतून, ग्रंथांतून आणि शंकासमाधानांतून त्या एका घटनेकडे धांवतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांत बाप्तिस्मा ही वाटेवरची एक धर्मशाळा आहे. खरी वाट तिच्या पुढेंही तितकीच खडतर आहे.

शिवाय त्यांचा प्रश्न ग्रंथांतला नव्हता, चुलीपाशचा होता. त्यांच्या वडिलांचें सोंवळें असें कीं, बाजारांतून आलेला मिठासारखा जिन्नसही धुतल्यावांचून घरांत घेतला जात नसे. त्या घरांत वाढलेल्या मुलीला मूर्तिपूजा आणि एकेश्वरवाद यांपेक्षां पाणी कोणाच्या हातचें प्यावें हा प्रश्न अधिक जाचणारा वाटला, यांत नवल नाहीं. एके दिवशीं त्या एकट्याच विचार करीत बसल्या असतां जातिभेद ईश्वरानें केलेला नव्हे, अशी त्यांची खात्री पटली आणि त्यांनीं कोणाच्याही हातचें खाण्यापिण्याचा निश्चय केला. हा प्रसंग त्या किती साधेपणानें सांगतात ! ना दृष्टांत, ना अश्रु. परंतु पुढच्या साऱ्या स्थैर्याचा पाया मला तेथें दिसतो. कारण हा निर्णय पतीच्या आग्रहानें झालेला नाहीं.

पुढला संसार स्थिर होता असें मात्र कोणीं समजूं नये. टिळकांच्या औदार्याला हिशेब ठाऊक नव्हता. कोणीही घरीं यावें, राहावें. अनाथ मुलें आलीं, बालकवि ठोमरे आले. प्लेगच्या दिवसांत इतर जन गांवें सोडून पळत असतां हें जोडपें रोग्यांच्या शुश्रूषेंत होतें. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरीही सोडली. अशा पुरुषाची श्रद्धा त्याला स्वतःला वाऱ्यावर तरंगत ठेवूं शकते. पण घरांत पीठ आहे कीं नाहीं हें कोणीतरी पाहावेंच लागतें. लक्ष्मीबाई तें पाहतात, रागावतात, आणि ताट वाढतात. त्यांची प्रार्थना कशी होती याविषयीं पुस्तकांत फार थोडें आहे. कांहींना ही उणीव वाटेल. मला वाटत नाहीं; ज्या बाईनें रागसुद्धां झांकला नाहीं, तिच्या मौनावर विश्वास ठेवावा.

९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. 'ख्रिस्तायन' हें त्यांचें काव्य अवघ्या कांहीं अध्यायांनंतर थांबलें होतें. ज्या बाईंचें शालेय शिक्षण नांवापुरतेंही झालें नव्हतें, त्यांनीं तें पुढें चालविलें आणि अध्यायांमागून अध्याय रचले. १९३६ सालीं त्या निवर्तल्यावर, १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें. काव्य म्हणून तें 'स्मृतिचित्रां'च्या गद्याची बरोबरी करीत नाहीं, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. पण विधवा झालेल्या स्त्रीनें सांत्वनाची वाट न पाहतां अर्धवट राहिलेलें काम हातीं घ्यावें, हें तिच्या श्रद्धेविषयीं कोणत्याही कबुलीजबाबापेक्षां अधिक बोलतें.

१९५० सालीं या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर निघालें. त्याला 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मी मागून येतें, असें नांव दिलें गेलें. पौलाच्या पत्रांतले ते शब्द भाविक अर्थानें घेतले असतील. तरी पतीच्या पावलांवर पाऊल ठेवणारी सती असें चित्र त्यांतून उभें राहतें. पुस्तक वाचणाऱ्यानें १८९५ पासून १९०० पर्यंतचीं पानें पुन्हां उघडावीं. तेथें ही बाई कोणाच्याही मागून चालत नाहीं.