रिस्क फॅक्टर कुणाचा? जवानाचा की कवायतीचा?

पेपर वाचताना आपण बहुतेक वेळा ॲबस्ट्रॅक्टमधला एक आकडा उचलतो आणि पुढे जातो. आज तसाच एक आकडा घेऊ, पण त्याच्यापाशी जरा थांबू: २७.६.

१९८७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कार्क आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. १९७७ ते १९८१ दरम्यान अमेरिकी सैन्यदलांत भरती झालेल्या सुमारे वीस लाख जणांपैकी प्राथमिक प्रशिक्षणात कोण दगावलं, हे त्यांनी तपासलं. कृष्णवर्णीय रिक्रूटांपैकी जे सिकलसेलचे वाहक होते (म्हणजे एएस पॅटर्न, आजार नव्हे), त्यांच्यात अचानक आणि कारण न सापडलेले मृत्यू लाखात ३२.२ होते. वाहक नसलेल्यांत १.२. सापेक्ष जोखीम २७.६ पट.

आता पहिला प्रश्न: हा आकडा किती पक्का? विश्वास मर्यादा ९ ते १०० आहे. मृत्यू मोजके असले की ती अशीच पसरते. शिवाय एकूण वाहक किती, हा छेद काही अंशी अंदाजावर आहे. तरीही खालचं टोक ९ आहे, म्हणून निष्कर्ष झटकून टाकता येत नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: तुलना कशाची झाली? रक्ताच्या दोन प्रकारांची. ऊन, वेग, पाणी, विश्रांती या गोष्टी तुलनेत नव्हत्याच. मग फरक रक्तातच दिसणार ना! जे मोजलं नाही, ते निर्दोष ठरत नाही.

इथून पुढे आकडा प्रयोगशाळेबाहेर पडतो. २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू डेल लॉइड सरावातल्या धावांनंतर कोसळला आणि दगावला. तो वाहक होता. कोर्टकचेरीनंतर एनसीएए या संघटनेने २०१० पासून वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंना नियम लावला: चाचणी करा, जुना रिपोर्ट दाखवा, नाहीतर नकाराच्या कागदावर सही करा. या सहीकडे नीट बघा. धावा किती काढायच्या हे कोच ठरवणार, जबाबदारी मात्र सही करणाऱ्या पोराची. २०१२ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीने अशा सक्तीला विरोध केला आणि सरावाची काळजी सगळ्यांसाठीच घ्या, असं सांगितलं.

मग २०१६ चा नेल्सन आणि सहकाऱ्यांचा पेपर त्याच जर्नलमध्ये आला. २०११ ते २०१४ मधले ४७,९४४ कृष्णवर्णीय सैनिक, सगळ्यांची चाचणी झालेली. मृत्यूच्या धोक्यात फरक सापडला नाही (हॅझर्ड रेशो ०.९९). श्रमामुळे स्नायू फुटण्याचा, म्हणजे रॅब्डोमायोलिसिसचा, धोका १.५४ पट, साधारण तेवढाच तंबाखू वापरणाऱ्यांतही.

पण ‘वाहकांना धोका नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका. हे सैनिक पाणी, उन्हाची सवय आणि विश्रांतीचे नियम सगळ्यांना लागू असलेल्या सैन्यात होते. शिवाय हे सेवेतले सैनिक, १९८७ चे नवखे रिक्रूट. आणि ०.९९ ची मर्यादाही ०.४६ ते २.१३ आहे. त्यामुळे नियमांनीच मृत्यू टळले, हे या पेपरने सिद्ध होत नाही. मात्र २७.६ हा रक्ताचा कायमचा गुणधर्म मानायला आता आधार उरत नाही.

मग व्यक्तीची जबाबदारी काहीच नाही का? आहे. तंबाखू सोडणं, ताप असताना न धावणं, लघवी चहासारखी झाली तर लगेच दवाखाना गाठणं. पण ‘थांबतो’ म्हणायची मुभा ज्याला नाही, त्याच्यावर न थांबल्याचा दोष कसा टाकणार?

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचे वाहक बरेच आहेत आणि तिथली मुलं पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी उन्हातान्हात पळतात. उद्या तुमच्यापैकी कुणी यावर सिनॉप्सिस लिहायला घेतला, तर प्रश्नावलीत रक्तगटाचे आणि सवयींचे रकाने असतीलच. तापमान, पाण्याची सोय आणि मध्ये थांबायची परवानगी यांचेही रकाने ठेवा. नाहीतर तुमचाही डेटा दोष पळणाऱ्याच्याच अंगात शोधून देईल.