माथ्यावरचे रान आणि पायथ्याची माणसे

सहलीच्या लेखनाकडे आपल्या समीक्षेने कधी गंभीरपणे पाहिले नाही. दिवाळी अंकातला प्रवासलेख, स्टेशनावर मिळणारी मार्गदर्शिका, शाळेतला ‘माझी सहल’ हा निबंध या सर्व गोष्टी निरुपद्रवी मानल्या गेल्या. माझे म्हणणे वेगळे आहे. कुठे जावे, काय पाहावे, किती पैसे द्यावेत हे सांगणारे लेखन कोणाकडे पाहू नये हेही शिकवीत असते. मी पनवेलच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माथेरानचा डोंगर आमच्या तालुक्याच्या उशाशीच आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो.

या लेखनाचे पहिले वाक्य ठरलेले असते : १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला. पुढच्याच ओळीत ‘माथ्यावरचे रान ते माथेरान’ अशी व्युत्पत्ती येते. ज्या डोंगराला साहेब येण्यापूर्वीच लोकांनी आपल्या भाषेत नाव दिले होते, त्याचा शोध लागतो कसा? ठाकर, कातकरी आणि धनगर या डोंगराच्या अंगाखांद्यावर राहत होते. पण ‘शोध’ हा शब्द वापरला की राहणारा माणूस देखाव्याचा भाग होतो. १८७१ साली जे. वाय. स्मिथ यांनी माथेरानवर इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकातच टेकडीची माणसे, वनस्पती आणि प्राणी एका रांगेत मांडले आहेत. साहेबाची ही रांग आपल्या पांढरपेशा लेखकाने मोडली नाही. मराठीत उतरवून घेतली, एवढेच.

मग येतात पॉइंट. शार्लट तलाव, लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा. १९०७ साली सुरू झालेल्या छोट्या गाडीचे श्रेय आदमजी पीरभॉय घराण्याला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण नेरळपासून एकवीस किलोमीटरची वाट ज्यांनी कातळ फोडून काढली, त्यांच्यासाठी एक ओळही सहसा नसते. याच माथेरानात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. ते वकील झाले, नगरपालिकेत गेले, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा झाले. सहलीच्या वेळापत्रकात सूर्यास्ताला अर्धा तास असतो. भाई कोतवालांना पाच मिनिटेही नसतात.

परंतु या लेखनाची खरी कसोटी हातरिक्षेपाशी लागते. माथेरानात मोटारींना बंदी आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यामुळे ‘प्रदूषणमुक्त माथेरान’ हे कौतुक प्रत्येक लेखात असते. धूर नाही, भोंगा नाही. मग चढावर वजन वाहते कोण? एक माणूस पुढून ओढतो, बाकीचे मागून रेटतात, आणि वर एक माणूस बसलेला असतो. लेखक याला ‘जुन्या काळाची मजा’ म्हणतो. माणसाची छाती फुटते तो धूर त्याच्या हिशेबात येत नाही.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करावे, निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. जे न्यायालयाला दिसले, ते प्रवासलेखकांना का दिसले नाही? डोळ्यांत दोष नव्हता. ते गादीवर बसून पाहत होते.

सहलीवर माणसे जगतात, हा आक्षेप मला ठाऊक आहे. घोडेवाला, हमाल, वाडीवरून दूध-भाजी आणणारी बाई, सगळ्यांची चूल त्यावर पेटते. म्हणून मी सहल बंद करा म्हणत नाही. ज्याच्या श्रमावर सहल उभी आहे, तो लेखनात ‘कर्ता’ म्हणून यावा, एवढेच म्हणतो. वर्गात मी माथेरानच्या सहलीचा आराखडा लिहायला दिला. बहुतेकांनी गाडी, पॉइंट, घोडा आणि चिक्की लिहिली. पायथ्याच्या वाडीतून येणाऱ्या एका मुलाने आई पहाटे किती वाजता निघते, ओझे किती आणि भाव पडला तर ते तसेच घेऊन उतरावे कसे लागते, हे लिहिले. माझ्या मते वर्गातले खरे प्रवासवर्णन तेवढे एकच होते.

हा प्रश्न केवळ आपला नाही. मेक्सिकोच्या चियापास प्रांतात सान क्रिस्तोबाल दे लास कासास हे डोंगरावरचे गाव आहे. स्पॅनिश विजेता दिएगो दे मासारिएगोस याने ते १५२८ साली वसवले. आज तिथली रंगीत घरे आणि माया लोकांची विणलेली वस्त्रे पाहायला जगभरचे प्रवासी जातात. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच माया लोकांना, त्सोत्सिल आणि त्सेल्ताल बोलणाऱ्यांना, त्या गावाच्या पदपथावर चालता येत नसे. १२ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांनी मासारिएगोसचा पुतळा पाडला. १ जानेवारी १९९४ रोजी झापातिस्ता बंडखोरांनी गावच ताब्यात घेतले. वस्त्राचे कौतुक करणाऱ्याने वस्त्र विणणाऱ्याची वाट अडवलेली असते, हे महाडच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आपल्याजवळ प्रवासलेखनाची दुसरी परंपरा आहे. बाबासाहेबांनी आठवणींत मसूर स्टेशनावरचा प्रसंग लिहिला आहे : जात कळल्यावर गाडीवाले मुलांना नेईनात, दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैल हाकायचे ठरले. चाळीसगावी त्यांना बसवून हाकायला टांगेवाले तयार झाले नाहीत. या प्रवासात सृष्टिसौंदर्य नाही. गाडीत कोण बसतो, कोण हाकतो आणि कोणाला पाणी मिळते, एवढाच प्रश्न आहे. मराठी समीक्षेने याला आत्मकथन म्हणून बाजूला ठेवले. मी याला आपल्या प्रवासवर्णनाचा पाया मानतो.

तेव्हा सहलीला जरूर जावे. डोंगर आपलाही आहे. मात्र आराखडा लिहिताना पॉइंटांच्या यादीआधी एक प्रश्न लिहावा : मला वर कोण नेणार आहे, आणि तो संध्याकाळी किती पैसे घेऊन कुठे उतरणार आहे? ज्या लेखनाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याची भाषा कितीही सुंदर असो, ते हातरिक्षेत बसूनच लिहिलेले आहे.