नट, पियानो आणि परक्याचे दुःख

ह्यू लॉरीचा कार्यक्रम मी २०१३ साली लंडनमध्ये ऐकला. सभागृहातील बहुतेक लोक ब्लूजसाठी नव्हे, तर ‘हाउस’ मालिकेतला तिरसट डॉक्टर प्रत्यक्ष पाहायला आले होते, हे पहिल्या टाळीतच कळले. मी मात्र एक शंका घेऊन गेलो होतो. ऑक्सफर्डमध्ये जन्मलेल्या, ईटन आणि केंब्रिजला शिकलेल्या गोऱ्या इंग्रजाने अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची गाणी कोणत्या अधिकाराने गावीत? लॉरीलाही हा प्रश्न ठाऊक आहे. ‘लेट देम टॉक’ (२०११) या पहिल्या संग्रहासोबतच्या टिपणात त्याने आपले परकेपण आधीच कबूल केले आहे. पण कबुली म्हणजे परवाना नव्हे.

त्याचा आवाज पातळ आहे. शिवाय गाताना तो अमेरिकन उच्चार धारण करतो. ‘हाउस’मध्ये २००४ ते २०१२ त्याने तेच केले आणि ते शोभलेही, कारण तो उच्चार पात्राचा होता. आपल्याकडे बालगंधर्व गात तेव्हा पदामागे भामिनी किंवा रुक्मिणी उभी असे. ब्लूजमध्ये ‘मी’ म्हणणारा स्वतःच समोर उभा आहे, असे ऐकणारा धरून चालतो. लॉरीचा ‘मी’ मला शेवटपर्यंत पटला नाही.

पियानोची गोष्ट वेगळी. तिथे उच्चाराचा प्रश्नच नाही. बोटांनी ही भाषा खरोखर आत्मसात केली आहे.

आणि मग जीन मॅक्लेन पुढे आली. तिचे गाणे होते ‘आय हेट अ मॅन लाइक यू’. जेली रोल मॉर्टनचे हे गाणे १९२९ साली लिझी माइल्सने ध्वनिमुद्रित केले, तेव्हा पियानोवर स्वतः मॉर्टन होता. म्हणजे पुरुषाने बाईचा संताप रचायचा आणि तिने तो ओकताना मागे बसून साथ करायची! लॉरी नेमका त्या जागी बसला. मॅक्लेन गाते तेव्हा तो दोन ओळींमधल्या फटीत मोजके सूर टाकतो आणि थांबतो. समोरच्याचे ऐकणे ही नटाची जुनी विद्या. ती इथे कामी आली. फलकावर नाव एकट्याचे मोठे, हे खटकतेच. पण त्या नावाने जमवलेली गर्दी त्याने तिच्या हवाली केली.

मला हे लागले, त्याला कारण आहे. वीसेक वर्षे मी जात्यावरच्या ओव्या जमवतो आणि व्याख्यानांत त्या स्वतः म्हणून दाखवत आलो. गळा बरा असल्याने टाळ्याही मिळतात. लंडनहून परतल्यावरच्या पहिल्याच व्याख्यानाला, जिच्याकडून त्या ओव्या मिळाल्या होत्या, त्या आजींना मी व्यासपीठावर बसवले. त्यांनी आधी माझी चाल दोन ठिकाणी दुरुस्त केली, मग म्हणायला सुरुवात केली.