तसबिरीचा घोटाळा आणि रेवतीचा संशय



मागच्या व्याख्यानानंतर चपला घालता घालता एका मुलीने आम्हाला थांबवलं. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असावी. म्हणाली, "सर, रीजन्सी रोमान्स म्हणतात तसल्या कादंबऱ्या आम्ही मोबाईलवर वाचतो, ब्रिजर्टन बघतो. चुकून लग्न ठरल्याचा बोभाटा होतो, एक घर श्रीमंत, एक साधं, मग गैरसमज, मग गोड शेवट. असं आपल्याकडे का लिहिलं नाही कुणी?" आम्ही म्हटलं, लिहिलंय की, आणि लिहिणारा माणूस इथून फार लांबचा नाही. बाकीचं पुढच्या खेपेला सांगतो. ती आज समोर बसलेली दिसतेय, तेव्हा आता सुटका नाही.

लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल. जन्म 1855, गाव हरिपूर. आपल्या वडगावच्या उत्तरेने जाणारी वारणा खाली सांगलीजवळ कृष्णेला मिळते, त्या संगमावरचं हरिपूर. आणि नाटक 'संशयकल्लोळ'. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांना त्यातली पदं पाठ असतील. फाल्गुनराव नावाचा संशयी नवरा, कृत्तिका नावाची तितकीच संशयी बायको, आणि तीन तास हसणं, असा त्याचा लौकिक. आम्ही आज जे म्हणणार आहोत ते या लौकिकाला थोडं आडवं जाणारं आहे. आमच्या मते हे नाटक फाल्गुनरावाचं नाही, रेवतीचं आहे.

आधी रीजन्सीचं बघू, म्हणजे तुलना करता येईल. 1811 ते 1820. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मनाने ढासळला म्हणून युवराज त्याच्या नावाने कारभार पाहत होता, तो हा काळ. आपल्याकडे त्याच सुमाराला दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई बुडत होती. तुम्ही मोबाईलवर वाचता त्या कादंबऱ्या जॉर्जेट हेयर नावाच्या बाईंनी विसाव्या शतकात पाडलेल्या वळणावरच्या. पण मूळ झरा जेन ऑस्टिनचा. तिची पहिली छापील कादंबरी 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी', साल 1811.

त्या कादंबरीत मरिअॅन नावाची मुलगी विलबीच्या प्रेमात पडते. तो तिच्या केसांची एक बट कापून घेतो. पुढं ती त्याला पत्रं लिहिते. एवढ्यावरून सगळा गोतावळा, तिची सख्खी बहीणसुद्धा, धरून चालते की यांचं ठरलेलं आहे. कारण त्या समाजात ठरल्याशिवाय मुलगी परपुरुषाला पत्र लिहीतच नसे. प्रत्यक्षात काहीही ठरलेलं नसतं, आणि विलबी पन्नास हजार पौंडांच्या मुलीशी लग्न करून मोकळा होतो. त्याच कादंबरीत उलटा प्रकारही आहे. ल्यूसी नावाची गरीब मुलगी एडवर्डची छोटी तसबीर खिशातून काढून दाखवते, आणि ज्या ठरण्याची कुणाला कल्पना नव्हती ते खरं निघतं. केसांची बट खोटी ठरते, तसबीर खरी ठरते. तसबीर हा शब्द लक्षात ठेवा.

आता देवल. त्यांचं मूळ गद्य नाटक 1893 चं, नाव 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. ते त्यांनी आर्थर मर्फी या लेखकाच्या 'ऑल इन द राँग' या 1761 च्या इंग्रजी नाटकावरून घेतलं; मर्फीच्या मागे मोलिएरचं 1660 चं फ्रेंच प्रहसन. पुढे त्याला पदं घालून 'संशयकल्लोळ' झालं आणि 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी वारले. म्हणजे पॅरिसहून लंडन, लंडनहून आपला कृष्णाकाठ, असा या तसबिरीचा अडीचशे वर्षांचा प्रवास.

गोष्ट थोडक्यात अशी. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको पाहते. त्या गडबडीत रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते. बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर फाल्गुनराव पाहतो. पुढं अश्विनशेठच्या मनात येतं की आपण प्रेमाने दिलेली वस्तू रेवतीने दुसऱ्याला दिली. झालं, चार माणसं आणि चार संशय. (नावं बघा: पुरुषांची महिन्यांवरून, बायकांची नक्षत्रांवरून. रेवती सत्तावीस नक्षत्रांत शेवटची आणि अश्विनी पहिली, म्हणजे चक्रात शेजारशेजारच्या. कृत्तिका मात्र कार्तिकाची, तिची गाठ फाल्गुनाशी मारलेली! हा आमचा निवृत्तीनंतरचा खेळ समजा.)

हे सगळं मर्फीचंच आहे. मग देवलांचं काय? मर्फीची नायिका बेलिंडा घरंदाज मुलगी आहे. तिला बाप आहे, त्याने तिचं लग्न परस्पर दुसरीकडे ठरवलंय, त्यातून आणखी गोंधळ. दोन्ही घरं तोलामोलाची. देवलांनी तिथं हात घातला. रेवतीच्या घरात लग्न ठरवणारा बाप नाही. आई आहे, मघा नायकीण. रेवती कलावंतिणीची मुलगी आहे आणि तिला एका पुरुषाची लग्नाची बायको व्हायचं आहे. इंग्रजी नाटकात नसलेली पायरी, वरची आणि खालची, देवलांनी आपल्या हाताने बांधली.

का बांधली? सहसा उत्तर देतात की 'मृच्छकटिका'तल्या वसंतसेनेमुळे. ते नाटक देवलांनीच आधी मराठीत आणलं होतं. ते खरंच आहे, पण पुरेसं नाही. आम्हाला वाटतं, त्यांच्यापुढं साधी कारागिराची अडचण होती. या गोष्टीला वयात आलेली, बिनलग्नाची, एकटी रस्त्याने जाणारी, स्वतः पसंत केलेल्या पुरुषाची तसबीर जवळ बाळगणारी मुलगी लागते. 1893 च्या महाराष्ट्रात अशी मुलगी पांढरपेशा घरात कुठून आणायची? दोनच वर्षं आधी, 1891 साली, संमतिवयाचा कायदा झाला होता. मर्यादा किती होती? दहा वर्षांवरून बारा! त्यावरून केवढं रान उठलं होतं. ज्या घरात मुलीचं लग्न ती परकर नेसते तेव्हाच उरकलेलं असायचं तिथं प्रियाराधन, रुसवा, तसबीर यांना जागाच नव्हती. ऑस्टिनच्या मुली वीस-बावीस वर्षांच्या होऊन दिवाणखान्यात बसतात. आपल्याकडे तो दिवाणखाना एकाच घरात होता, नायकिणीच्या. म्हणून, बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: रीजन्सी रोमान्स आपल्याकडे आला, पण माडीवरून आला. कुलीन घराचा दरवाजा त्याला बंद होता.

आणि देवलांना हे कळत नव्हतं असं समजू नका. त्यांचंच 'शारदा', 1899 चं. तिथं कांचनभट नावाचा बाप पैशासाठी आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. ब्राह्मणाचं घर, मंत्र, अक्षता, सगळं यथासांग, आणि मुळाशी विक्री. इकडे मघा नायकीण. लोक मघेला हसतात, कांचनभटाला शिव्या घालतात. आम्ही दोन्ही नाटकं शेजारी ठेवून वाचली तेव्हा प्रश्न पडला, दोघांच्या हिशेबात फरक काय? एवढाच की मघेच्या मुलीला निदान नाही म्हणायला तोंड आहे.

आता आमचा जुना धंदा थोडा काढतो, माफ करा. न्यायशास्त्रात गौतमाने सोळा पदार्थ सांगितले, त्यांत संशय एक आहे. सांजवेळी लांब काहीतरी उभं दिसतं. खांब आहे की माणूस? मन दोहोंत हेलकावतं, तो संशय. खांबालाच माणूस समजून जो खात्रीने काठी घेऊन धावतो त्याला संशय नसतो. त्याच्या ज्ञानाला विपर्यय म्हणतात. आता फाल्गुनरावाकडे बघा. तो कधी हेलकावतो का? कधीच नाही. त्याला पहिल्या क्षणापासून पक्कं माहीत आहे की बायको फसवते. कृत्तिकेचंही तेच. नाटकाचं नाव 'संशयकल्लोळ', पण या जोडप्याजवळ संशय औषधालाही नाही. म्हणून तर आपण हसतो. खात्रीने चुकणारा माणूस विनोदी असतो, शिवाय त्यांचं लग्न झालेलं आहे. कितीही भांडले तरी रात्री एकाच छपराखाली निजणार. त्यांचं काही जात नाही.

खरा संशय रेवतीला आहे. अश्विनशेठ लग्न करील की चार वर्षांनी तोंड फिरवील? खांब की माणूस? आणि हा संशय वेडेपणाचा नाही, त्याला आधार आहे. तिच्या घरात शब्द देणारे शेठ पूर्वीही येऊन गेलेले असणार. कुलीन मुलीच्या पाठीशी सोयरिकीचा कागद असतो, फुटलेली सुपारी असते, चार पंच असतात, भाऊबंद असतात. बोलणी मोडली तर निदान भांडायला माणसं असतात. इंग्लंडात तर वचनभंगाचा दावा लावता येत असे. रेवतीजवळ काय आहे? एक तसबीर. ती हरवली की तिच्याजवळ काही उरत नाही. एकच वस्तू फाल्गुनरावाच्या घरात विनोद होते आणि रेवतीच्या घरात आयुष्याचा पुरावा असते. मर्फीच्या नाटकात हा ताण नाही, येऊच शकत नाही, कारण तिथं पायरी नाही. ही कमाई देवलांची.

ऑस्टिनलाही इथं एक प्रश्न विचारायला हवा. तिच्या त्या कादंबरीत एलायझा नावाची एक पोर आहे. लग्नाशिवाय जन्मलेली, विलबीनेच फसवून टाकून दिलेली. ती सबंध कादंबरीत एकदाही समोर येत नाही. कर्नल ब्रँडन तिची हकिकत सांगतो, तेवढीच. आम्ही ऑस्टिनचे भक्त आहोत, दर दोन वर्षांनी तिला वाचतो, पण हे कबूल करायला हवं: तिने ज्या मुलीला पडद्याआड ठेवलं, तशाच घरातल्या मुलीला हरिपूरच्या माणसाने मधोमध उभं करून गायला लावलं.

मात्र देवलांना आम्ही सगळे गुण देणार नाही. घोटाळा सुटतो तो तसबिरीचा, रेवतीचा प्रश्न सुटत नाही. एडवर्डने ल्यूसीला दिलेला शब्द पाळायचा म्हटल्यावर त्याची आई त्याला वारशातून काढते, आणि ऑस्टिन ते पैशांपैशांत मोजून दाखवते. देवल रेवतीचं सासर दाखवतच नाहीत. अश्विनशेठची आई, काका, जातगंगा कुठं आहेत? त्यांना बोलावलं असतं तर नाटक हसत संपलं नसतं. ब्रिटिश मुलखात तेव्हा 1872 चा विवाह कायदा होता, पण त्याखाली लग्न लावायचं तर आपण हिंदू नाही असं लिहून द्यावं लागे. आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला तो 1919 साली, हे नाटक गाजायला लागल्यावर तीन वर्षांनी. हे सगळं देवलांनी बाहेर ठेवलं. मघेलाही त्यांनी थट्टेवर नेलं, तिची बाजू मांडली नाही. तिलाही एक बाजू असणारच की.

आणि प्रयोगाचं म्हणाल तर 1916 ला रेवती केली बालगंधर्वांनी आणि फाल्गुनराव गणपतराव बोडसांनी. बालगंधर्वांची नेसण्याची ढब बघून घरंदाज बायका तशी लुगडी नेसू लागल्या असं सांगतात. गंमत बघा, ज्या नायकिणीच्या मुलीला त्या घरांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं तिचा पदर मात्र माजघरापर्यंत गेला. आम्ही नंतर पाहिलेल्या एका प्रयोगात वेळ वाचवायला मायलेकींचा प्रवेश पार छाटला होता. मग रेवती नुसती रुसलेली हिरोईन उरली, ती का घाबरते ते कळेचना.

फोटोवरून आम्हाला आमच्या थोरल्या ताईची आठवण येते. तिचा फोटो एका स्थळाकडे पाठवला होता. एकच प्रत, कोल्हापुरात स्टुडिओत जाऊन काढलेली. पसंती आली नाही, फोटोही आला नाही. वडिलांनी तीन कार्डं टाकली. शेवटी एसटीने स्वतः गेले, तर "कुठं ठेवला, सापडत नाही" म्हणाले. पुढच्या दोन स्थळांनी चहा घेता घेता विचारलं, "तुमच्या मुलीचं अमक्यांकडं ठरलं होतं, ते मोडलं कशानं?" कधी ठरलंच नव्हतं! ठरलं नाही हे सिद्ध कसं करायचं, सांगा. त्या घरात तिचा फोटो होता, एवढं पुरेसं होतं. ताईचं लग्न व्हायला त्यानंतर साडेतीन वर्षं गेली.

खूप वर्षांनी तिला आम्ही कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृहात 'संशयकल्लोळ' दाखवलं. ते 2024 ला जळलं, त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. फाल्गुनरावाला बघून ताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. पण रेवतीच्या हातून तसबीर पडली, आजूबाजूला सगळे हसत होते, तेव्हा ती आमच्याकडे झुकून हळूच म्हणाली, "आता ती परत मिळत न्हाई बघ."