‘अपात्र’ रकान्याचं काय करायचं?

विषय ठरला की आपण पहिले आकडे शोधतो. वऱ्हाडातल्या शेतकरी आत्महत्यांवर काम करायचं म्हटलं, की अमरावती विभागीय आयुक्तालयाचा तक्ता हाती येतो. २००१ पासूनची नोंद, अमरावती-अकोल्यासह पाच जिल्हे, आणि रकाने: पात्र, अपात्र. बरेच जण ‘पात्र’ तेवढे उचलून आलेख काढतात आणि त्यालाच ‘शेतीमुळे झालेल्या आत्महत्या’ म्हणतात. माझी हरकत इथे आहे.

हे रकाने मृत्यूचं कारण सांगत नाहीत. एक लाखाची सरकारी मदत कोणाला द्यायची ते सांगतात. त्यासाठी घरातल्या कोणाच्या तरी नावावर शेती हवी, नापिकी हवी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलेलं हवं. दुसऱ्याचं वावर मक्त्यानं करणारा, कृषी केंद्राच्या उधारीत बुडालेला माणूस इथे कागदावर टिकतच नाही. म्हणजे नुसते ‘पात्र’ मोजले, तर सगळ्यात कच्चा शेतकरीच नमुन्यातून गळतो!

रकाना बदलला की काय होतं ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात दिसतं. २०१३ मध्ये देशात शेतीतल्या ११,७७२ आत्महत्या, २०१४ मध्ये शेतकऱ्यांच्या ५,६५०. निम्म्यावर आल्या? छे. त्या वर्षी शेतमजूर वेगळे दाखवले, ते ६,७१०.

तेव्हा दोन्ही रकाने घ्या. आणि शक्य असेल तर तहसीलमध्ये जाऊन अपात्रतेचं कारण काय लिहिलंय, तेही वाचा.