तबकडी, मोबाईल आणि एक मुहूर्त

तबकडीचा आवाज ऊबदार आणि मोबाईलचा कोरडा, असं हल्ली सगळीकडे ऐकू येतं. आपल्या बेळगाव-धारवाडकडे गाणं घराघरांत मुरलेलं, म्हणून हा वाद जरा तपासून पाहू.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर यांनी तेवढ्यात राग उभा केला. १९४८ साली एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. किशोरीताईंचा भूप एका बाजूला, बागेश्री दुसऱ्या. पण सुई आतल्या रेघांकडे सरकते तसा तिच्याखालून जाणाऱ्या रेघेचा वेग कमी होतो आणि बारीक सूर मळतात. शिवाय सुई दर वेळी तबकडी थोडी झिजवते. सीडीत यातलं काही नाही. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजलेला, शंभराव्यांदा लावली तरी तशीच. म्हणजे ‘ऊब’ म्हणतात ती बरीचशी यंत्राने घातलेली भर. कुणाला ती गोड लागते, लागू दे. पण तिला अस्सलपणा म्हणू नये.

जुन्याला सोवळं मानणाऱ्यांना आणखी एक सांगते. ७८ च्या तबकड्या लाखेच्या. लाख काढताना किती किडे मरतात! श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग मोबाईलच बरा? बायकांच्या बाजूने पाहिलं तर हो. ग्रामोफोन असायचा बाहेरच्या खोलीत, चावी पुरुषांच्या हाती. तबकडी उलटायला कोरडे हात लागतात. कणकेच्या हातांना कोण शिवू देणार? आतल्या बाईला मिळायचं ते भिंतीपलीकडचं गाणं. आज तीच बाई भाकऱ्या थापताना हवा तो राग लावते, कुणाला न विचारता. हा लाभ मला कुठल्याही ऊबेपेक्षा मोठा वाटतो.

तरी मोबाईलवर माझा एक आक्षेप आहे. हजारो गाणी खिशात, म्हणजे हाही परिग्रहच, फक्त त्यावर धूळ बसत नाही एवढंच! विलंबित सुरू झालं की बोट पुढे सरकवतं. आलापीला वेळच मिळत नाही. एलपी उठून उलटावी लागे, म्हणून माणूस तिच्याजवळ बसे. दोन्ही बाजू मिळून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. आपल्या सामायिकाचा मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा. फारसं अंतर नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, महागडा रेकॉर्ड प्लेअर घ्यायची गरज नाही. आहे तोच मोबाईल घ्या, बरासा स्पीकर जोडा, बाकीच्या सूचना बंद करा आणि आठवड्यातून एकदा एकच राग लावून मुहूर्तभर बसा. स्वयंपाक थोडा थांबेल. घरच्यांनाही कळू दे, की आई आत्ता गाणं ऐकतेय.