तेलरंगातील निसर्ग : त्रिंदाद आणि सोझा

आपल्या तरुण मंडळींनी तेलरंगात काढलेली निसर्गचित्रे पाहण्याचा योग आम्हांस वरचेवर येतो. हौस आहे, चिकाटीही आहे. परंतु बहुतेक चित्रांत डोंगरावर बर्फ, ओढा निळाशार आणि कुरण हिरवेगार असते. हा देखावा दिनदर्शिकेतला आहे, माकुणसारचा नव्हे. आपली खाडी ओहोटीला शिशाच्या रंगाची होते, आणि दमट हवेतून पाहिलेला तांदूळवाडीचा डोंगर हिरवा नसून करडा-जांभळा दिसतो. ज्याने हे एकदा पाहिले, त्याला नळीतला तयार हिरवा रंग तसाच्या तसा कापडावर थापवणार नाही.

या संदर्भात दोन चित्रकारांचा विचार करावासा वाटतो. दोघेही मूळचे गोव्याचे, दोघेही आपल्याच धर्मपरंपरेत वाढलेले आणि दोघांचाही संबंध मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेशी आलेला. अंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) सांगे येथे जन्मले, त्या शाळेत शिकले आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापन केले. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४–२००२) यांना १९४५ साली त्याच शाळेतून काढून टाकण्यात आले. आईच्या मनात त्यांनी धर्मगुरू व्हावे असे होते. ते झाले चित्रकार, आणि चर्चवर तिखट टीका करणारे चित्रकार.

त्रिंदाद यांना काहींनी पूर्वेकडचा रेम्ब्रांट म्हटले आहे. अशा उपमांनी चित्रकाराचे फारसे भले होत नाही. तरी तिच्यात एक तथ्य आहे. त्यांची नजर रंगाआधी उजेड-अंधाराचे प्रमाण मोजते. त्यांचे खरे बळ व्यक्तिचित्रणात, हे मान्य केलेच पाहिजे. पण चेहऱ्यावरील सावली काळ्या रंगाने न भरता उबदार तपकिरीने उजळत ठेवण्याची हातोटी निसर्गचित्रकारालाही तितकीच उपयोगी पडते. माडाच्या बुंध्यालगतची सावली काळी असते, हा समज आमच्या मते नवशिक्याचा पहिला शत्रू होय. जेथे शाळेची शिस्त हातावर जड होते, तेथे त्रिंदाद यांचे चित्र निर्दोष राहते, पण हलत नाही. पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. गोव्याला जुन्या चर्चच्या यात्रेला जाणाऱ्या कुटुंबांनी तासभर तिकडेही वळावे.

सोझांचे निसर्गचित्र पाहून आपल्यापैकी अनेकजण नाक मुरडतील. घरे कललेली, मनोरे भाल्यासारखे, भोवती जाड काळी रेषा. मात्र चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्या ज्याने लहानपणापासून पाहिल्या, त्याला ही रेषा परकी वाटू नये. काचांचे तुकडे जोडणारी शिशाची पट्टी जे काम करते, तेच ती करते. दोन रंगांना वेगळे ठेवून दोघांनाही पेटवते. या चित्रांत वेळ सकाळची की सायंकाळची, हे विचारण्यात अर्थ नसतो. त्यांचा दोष निराळा आहे. सोझांनी अफाट काढले, आणि कित्येकदा रेषा पाहून नव्हे तर सवयीने ओढलेली वाटते.

मग शिकणाऱ्याने कोणामागे जावे? आधी त्रिंदाद यांच्यामागे, असे आमचे स्पष्ट मत आहे. डोळे अर्धवट मिटून देखाव्यातील सर्वांत उजळ व सर्वांत गडद जागा आधी ठरवाव्यात. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरचे थर क्रमाने अधिक तेलाचे असावेत. हा क्रम उलटला तर पुढे रंगाला भेगा पडतात. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, त्याला दिवस लागतात. आपल्या पावसाळ्यात कापड सैल पडते, बुरशी धरते. तेव्हा त्या महिन्यांत लहान फळीवर काम करणे बरे. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबल यांनी १८२१–२२ मध्ये नुसत्या ढगांचे तेलरंगात अभ्यास केले आणि मागे वेळ व हवामान टिपून ठेवले. आषाढातले आकाश डोक्यावर असताना आपल्याकडे हे कोणी करीत नाही, याचे आश्चर्य वाटते. सामग्रीची सबब तर नकोच. १९३१ साली मुंबईत सुरू झालेल्या कॅम्लिनचा कारखाना आपल्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे.

आणि घाई करण्यास एक कारणही आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मार्गही पालघर जिल्ह्यातूनच जातो आहे. खाजणे, पानवेलीच्या वाड्या, केळव्याचे सुरूचे बन, यांतले काय उद्या जसेच्या तसे राहील हे सांगता येत नाही. छायाचित्रे पुष्कळ निघतील. परंतु भरतीच्या वेळी खाडीवर पडणारा तो ओलसर उजेड कोणत्या दोन रंगांच्या मिश्रणाने साधतो, हे काठावर बसून रंगवणाऱ्यालाच कळेल. आणि ते मिश्रण त्याने चित्राच्या पाठीवर, तारीख-वेळेसह, लिहून ठेवावे.